५६ किलो ४०० ग्रॅम : नववीतल्या एका कबड्डीपटूचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोपरखैरणेतल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी क्रीडाशिक्षक आहे. एकेका वर्गात पंचावन्न-साठ मुलं. मैदान म्हणजे इमारतीच्या मागची मातीची जागा, कबड्डीचं एक मैदान जेमतेम बसेल एवढी. पहिला पाऊस पडला की तिथे दसऱ्यापर्यंत चिखल. मग पी.टी.चा तास एक तर वर्गातल्या बुद्धिबळात जातो, नाहीतर गणिताचे सर 'आजचा द्या, पुढच्या आठवड्यात परत करतो' म्हणून घेतात. तो परत आलेला मी अजून पाहिलेला नाही.

ज्या मुलाबद्दल लिहितोय त्याला ओंकार म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. त्याला आणि त्याच्या आईवडिलांना विचारूनच हे लिहितोय. तेव्हा तो नववीत होता, वय १४. वडील वाशीच्या बाजार समितीत, कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, पाटणकडे. आई घरून डबे देते. आमच्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत. माथाडींच्या वसाहतींमुळेच कोपरखैरणे आणि घणसोलीत अर्धा सातारा उतरलाय म्हणा ना.

कबड्डी मात्र त्याने घेतली ती इथल्या मातीतली. या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत कबड्डी मंडळं पहिल्यापासून आहेत, आणि अशाच एका गावच्या मंडळात तो सहावीपासून जायचा. खेळायचा चढाईपटू म्हणून. अंगाने किरकोळ, पण पाय असे चपळ की बोनस गुण घेऊन परत फिरलेला कळायचा नाही. मंडळ चालवणाऱ्या आप्पांची त्याच्यावर नजर होती. डिसेंबरात किशोर गटाची निवड चाचणी होती. किशोर गट म्हणजे १६ वर्षांखालचे, आणि वजनाची मर्यादा तेव्हा ५५ किलो होती. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अडचण

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी नेहमीप्रमाणे उंची-वजनाची नोंद केली. ओंकार १५८ सेंटिमीटर, ५१ किलो. आदल्या जूनमध्ये तो १४९ होता. वर्षात नऊ सेंटिमीटर! मुलग्यांत साधारण तेरा-चौदाव्या वर्षी वाढीचा जोर असतो, तेव्हा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर उंची वाढणं हे काही आजाराचं लक्षण नाही. मी 'वा, ताड झालास की' म्हटलं आणि पुढच्या मुलाला उभं केलं. त्या वेळी मी एवढंच केलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात प्रार्थनेनंतर तो जिना उतरताना कठड्याला धरून उतरताना दिसला. विचारलं तर 'काही नाही सर, पाय आखडलाय.' खुर्चीत बसवून पाहिलं. दोन्ही गुडघ्यांच्या वाटीखाली, नडगी जिथे सुरू होते तिथे, हाडाचा उंचवटा. उजवीकडचा मोठा. बोटाने दाबला तर पोरगं कळवळलं. दीड महिना दुखत होतं. घरी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर खेळ बंद होणार.

त्याने आणखी एक गोष्ट लपवली होती. स्टेशनजवळच्या एका जिममध्ये मित्राच्या ओळखीने तो चार दिवस जाऊन आला होता. आप्पा म्हणाले होते, 'पकडीतून सुटायला ताकद पायजे', म्हणून हा ताकद आणायला गेला. तिथल्या माणसाने त्याला खुर्चीसारख्या यंत्रावर बसवून पायाने वजन उचलायला लावलं, पहिल्याच दिवशी जमेल तेवढं. चौथ्या दिवशी गुडघा सुजला. वर प्रोटीनचा डबा घे म्हणाले. त्याने आईकडे पैसे मागितले, वह्यांसाठी म्हणून.

आणि माझा वाटा? उशिरा येणाऱ्यांना मी गेली कित्येक वर्षं पन्नास उठाबशा काढायला लावत होतो. ओंकारची रात्रीची प्रॅक्टिस साडेदहाला सुटायची, झोपायला साडेअकरा, शाळा सकाळी ७.१० ची. तो आठवड्यातून दोनदा तरी उशिरा यायचा. त्या गुडघ्यावर पन्नास उठाबशा, त्याही मीच मोजून घेतलेल्या.

निदान, आणि दोन डॉक्टरांचे दोन सल्ले

घराजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघा पाहून वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि सांगितलं, 'सहा महिने खेळ बंद.' वाशीच्या एका रुग्णालयातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी मात्र वेळ घेऊन तपासलं आणि नाव सांगितलं: ऑसगुड-श्लॅटर. १९०३ साली बॉस्टनचे ऑसगुड आणि झुरिकचे श्लॅटर या दोघांनी हे दुखणं वेगवेगळं नोंदवलं, म्हणून जोडनाव.

प्रकार समजायला सोपा आहे. मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येतो आणि नडगीच्या वरच्या टोकाला धरतो. वाढत्या वयात ते टोक पक्कं हाड नसतं, तिथे कूर्चा असते. हाड भराभर लांबतं, स्नायू मागे राहतो, म्हणून ताणलेला असतो. त्यात पळणं, उड्या, झटक्यात थांबणं, वळणं. प्रत्येक वेळी तो स्नायू त्या मऊ जागेला खेचतो. जागा दुखते, सुजते, उंचवटा येतो. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं दुखणं आपोआप थांबतं. उंचवटा राहू शकतो.

त्यांनी खेळ पूर्ण बंद करायला सांगितलं नाही. दुखणं वाढवणाऱ्या गोष्टी कमी करा, खेळून झाल्यावर बर्फ लावा, मांडीचे स्नायू सैल आणि बळकट करा, असं सांगितलं. 'बळकट' हा शब्द ऐकून ओंकारच्या वडिलांच्या कपाळावर आठी पडली, ती मी बाजूच्या खुर्चीवरून पाहिली.

समोर असलेले पर्याय

शाळेत आमची बैठक झाली. वर्गशिक्षिका, वडील, मी. ओंकार दाराबाहेर.

पहिला पर्याय वडिलांचा: खेळ बंद, दहावी होईपर्यंत. कारणं दोन. अभ्यास हे एक, ते सगळेच पालक सांगतात. दुसरं कारण त्यांचं स्वतःचं होतं. 'सर, वजन उचलायचं म्हणजे काय ते मला सांगू नका. आमच्यातली पोरं चौदा-पंधराव्या वर्षी गोणीखाली गेली, ती तिथंच राहिली. ना उंची, ना कंबर. वजन उचलायला मी हाय. ह्यानं पुस्तकं उचलावीत.'

यावर काय बोलायचं? माणूस तीस वर्षं पन्नास-पन्नास किलोच्या गोणी वाहतोय. त्याला मी पुस्तकातली वाक्यं ऐकवणार होतो. तरी सांगितलं. वजन उचलल्याने उंची खुंटते याला पुरावा मिळालेला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या निवेदनातही म्हटलंय की जाणकाराच्या देखरेखीखाली, पद्धत शिकून केलेला ताकदीचा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित आहे. हाडाच्या वाढत्या टोकाला इजा झाल्याच्या घटना आहेत, नाही असं नाही. पण त्यांत बहुतेक वेळा देखरेख नसते, वजन झेपण्यापलीकडचं असतं किंवा पद्धत चुकलेली असते. थोडक्यात, ओंकारने त्या जिममध्ये चार दिवस केलं तेच. उंचीबद्दल त्यांना मी उलट विचारलं, गावाकडच्या त्या पोरांना लहानपणी दोन वेळ पोटभर मिळत होतं का? ते काही बोलले नाहीत.

दुसरा पर्याय आप्पांचा, फोनवरून: 'काय नाय होत. पट्टी बांध न खेल.' डिसेंबरपर्यंत गोळ्या आणि नी-कॅपवर ढकलायचं, चाचणी झाली की विश्रांती. आप्पांना वाईट म्हणू नका. त्यांच्या काळात गुडघ्याचा हाच एक इलाज होता, आणि गावातली निम्मी पोरं संध्याकाळी टपरीवर न दिसता मैदानात दिसतात ती त्यांच्यामुळेच.

तिसरा, जिम. तो ओंकारला अजूनही हवा होता. तिथे आरसे होते.

चौथा पर्याय मी मांडला. खेळ निम्म्यावर आणायचा, पूर्ण बंद नाही, आणि आठवड्यातून तीन दिवस शाळेतच ताकदीचा व्यायाम घ्यायचा, शून्य वजनापासून. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही तीच आहे: ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंग मेहनतीत यावं आणि त्यांतले किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारी हालचाल असावी. आमच्या शाळेत पी.टी.चे आठवड्याला दोन तास, तेही गणिताच्या सरांनी सोडले तर.

मनापासून सांगायचं तर मला स्वतःलाच खात्री नव्हती. कबड्डी खेळतो म्हणजे ताकदीचं वेगळं काय करायचं, असं मीही वीस वर्षं मानत आलो होतो. मंडळात रोज दीड तास खेळणाऱ्या ओंकारला पहिल्या दिवशी भिंतीला पाठ टेकून, गुडघे अर्धे वाकवून बसवलं तर तो पंचवीस सेकंदांत थरथरायला लागला. एका पायावर उभं राहून मागच्या बाकावर अलगद बसायला सांगितलं तर धपकन आदळला. तीन वर्षांत त्याला खेळ भरपूर मिळाला होता. त्या खेळाचा भार झेलणारं शरीर कुणी घडवलंच नव्हतं. मी तर नाहीच.

वडील तयार झाले, पण तीन अटींवर. तिमाहीत मार्क घसरले तर बंद. रात्री दहाच्या आत घरी. आणि 'पोत्याला हात लावायचा नाही.'

प्रत्यक्षात काय केलं

वेळ दुपारी पाऊणची, शाळा सुटल्यावर. जागा वरच्या मजल्याचा व्हरांडा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पंचवीस ते तीस मिनिटं. मधल्या दिवशी विश्रांती, कारण शरीर घडतं ते त्याच दिवशी.

सुरुवातीलाच एक अडचण आली. तिसऱ्या दिवशी ओंकारला चक्कर आली. सकाळी चहा-बिस्किटावर आला होता, त्यानंतर काही नाही. आठवीपर्यंत शाळेची खिचडी मिळायची, पोषण आहार आठवीला संपतो. नववीचं पोरगं, वाढीच्या ऐन भरात, त्या रांगेतून बाहेर पडतं. हे माझ्या आधी कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या आईशी बोललो. त्या दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोन उकडलेली अंडी आणि शेंगदाण्याचा लाडू द्यायला लागल्या. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. प्रोटीनच्या डब्याचा विषय तिथेच मिटला. मटकीची उसळ तर त्यांच्याकडे रोजची होती, फक्त ती गिऱ्हाइकांच्या डब्यांत जात होती.

दुखण्यासाठी एक नियम ठरवला. शून्य ते दहात किती दुखतं ते त्याने सांगायचं. तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी जिना उतरताना ते राहिलेलं नसावं. राहिलं तर पुढच्या वेळी निम्मं. मुलं खोटं सांगतात, म्हणून जिना उतरताना मी खाली उभा असायचो.

पहिला महिना वजन नाही. भिंतीला टेकून बसणं, पण गुडघे पूर्ण वाकवून नाही. पाठीवर झोपून कंबर उचलणं. टाचा उचलणं. एका पायावर तोल. कोपरांवर ताठ राहणं. मंडळात चढाई बंद, सूर मारणं बंद, फक्त साखळीत उभं राहून बचावाचा सराव. त्याला हे अपमानास्पद वाटलं, आणि पहिल्या दोन आठवड्यांत दोनदा तो गुपचूप चढाई करून आला. दोन्ही वेळा जिन्याने सांगितलं.

ऑगस्टच्या शेवटापासून वजन आलं. आमच्याकडे डंबेल नाहीत. पाच लिटरचे पाण्याचे कॅन आहेत. पाण्याचा लिटर म्हणजे किलो, त्यामुळे मोजायला सोपं. एक कॅन छातीशी धरून बाकावर बसणं-उठणं. दोन हातांत दोन कॅन घेऊन व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं. दप्तरात पुस्तकं भरून वाकून ओढणं. जोर. प्रत्येकी दोन-तीन फेऱ्या, आठ ते बारा वेळा. पद्धत बिघडली की थांबायचं, आकडा पूर्ण करायचा नाही. या शेवटच्या नियमाची सवय मुलांपेक्षा मला लावून घ्यावी लागली. मी शंभर बैठकांच्या काळात वाढलोय, तिथे आकडा हाच देव.

बैठकांबद्दल थोडं विषयांतर. जोर-बैठका, सूर्यनमस्कार, मल्लखांब हे आपलं ताकदीचं शिक्षणच आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण भराभर, पूर्ण खाली बसून, शेकड्याने काढलेल्या बैठका दुखऱ्या, वाढत्या गुडघ्याला झेपत नाहीत. आणि व्यायामाची शिक्षा केली की मुलाला आयुष्यभर व्यायाम हीच शिक्षा वाटते. ऑगस्टपासून माझ्या उठाबशा बंद आहेत. उशिरा येणाऱ्यांकडून आता फळा पुसून घेतो.

या वयात ताकद वाढते ती आधी दंड फुगून नव्हे. मेंदूकडून स्नायूंना जाणारा निरोप नीट पोहोचायला लागतो, एकाच वेळी जास्त तंतू कामाला लागतात. ओंकार रोज आरशात पाहून वैतागायचा, 'सर, काहीच दिसत नाही.' भिंतीला टेकून बसण्याचे सेकंद मात्र वाढत होते. तेवढ्यासाठी मी वहीत तक्ता केला, त्याचा त्याला भरायला लावला.

वडील व्हरांड्यात येतात तो दिवस

ऑक्टोबरात मी वाळूची पिशवी आणली, आठ किलोची. अट मला आठवत होती, पण पिशवी म्हणजे पोतं नव्हे अशी मी स्वतःची समजूत घातली होती. नेमके त्याच बुधवारी वडील आले. ओंकार वाळू जमिनीवरून उचलत होता.

ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग चप्पल काढून पुढे आले. 'असं उचलत न्हाईत. पिशवी पायाजवळ घे. लांब ठेवलीस तर कंबर जाती.' स्वतः बसून दाखवलं, पाठ सरळ, जोर पायातून. पुस्तकात जे आठ चित्रांत दाखवतात ते त्यांनी एका उठण्यात दाखवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, 'पद्धत मला ठाऊक हाय. तरी माझी कंबर का गेली?'

मी म्हटलं, 'दादा, हा आठवड्यातून तीन दिवस उचलतो. दिवसाला तीस वेळा, आठ किलो. थकला की मी थांबवतो. तुम्हाला कोण थांबवतं?'

ते हसले, खुशीतलं नव्हतं ते हसू. 'गाडी खाली झाली की.'

माझ्या दृष्टीने निर्णय झाला तो त्या दिवशी. जुलैत त्यांनी दिलेली परवानगी अर्ध्या मनाची होती. पण विचारल्याशिवाय अट मोडली हे चूकच. त्या दिवशी ते भडकले असते तर सगळं तिथेच संपलं असतं, आणि दोष माझा असता.

इतर मुलांचं

सप्टेंबरपर्यंत व्हरांड्यात ओंकारसोबत अकराजण झाले. त्यात खो-खोच्या चार मुली. मुलगे पंधरा दिवसांत गळायला लागले, मुली शेवटपर्यंत टिकल्या. त्यांतली एक दहा पावलं चालली की धापा टाकायची. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती ही बाकाच्या फटीत सरकवत होती. हिमोग्लोबिन तपासलं, कमी निघालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या होत्या. हे वाचलं तेव्हा तो एक आकडा होता, आता त्याला चेहरा आहे. ताकदीचा कार्यक्रम सुरू करण्याआधी मुलींचं रक्त तपासायला सांगा, एवढंच यातून घ्यावं.

चाचणी

नोव्हेंबरात ओंकार पुन्हा चढाईला उतरला. दुखणं बहुतेक दिवस शून्य, जोरदार सरावानंतर दोन. आधी घोट्याची पकड बसली की तो मेल्यासारखा पडायचा. आता बचावपटूला दोन पावलं ओढत मध्यरेषेकडे न्यायचा. आप्पांनी फोन करून विचारलं, 'काय खाऊ घालता त्याला?'

चाचणीच्या तीन दिवस आधी मंडळात वजनकाटा आणला. ५६ किलो ४०० ग्रॅम.

सहा महिन्यांत साडेपाच किलो वाढले होते. उंचीही चार सेंटिमीटर वाढली होती. त्यातलं वाढीचं किती आणि व्यायामाचं किती, हे कुणीही सांगू शकणार नाही. पण मर्यादा ५५ होती.

मंडळात यावर तयार उपाय असतो. दोन दिवस जेवण नाही, पाणी घोट-घोट, अंगावर दोन स्वेटर घालून पळायचं, थुंकत राहायचं. काट्यावरून उतरलं की केळी आणि ग्लुकोज. मीही पोरवयात हे केलंय, स्वेटर घालून वाशीच्या खाडीकडे पळालोय. एक किलो चारशे ग्रॅम म्हणजे जुन्या माणसाला काहीच नाही. आप्पा म्हणाले, 'दोन दिसाचा प्रश्न हाय, सर.'

माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहितो. निवड झाली असती तर जिल्ह्याच्या संघात गेला असता. पुढे राज्य पातळीवर खेळला तर दहावीला खेळाचे वाढीव गुण, घरात मान, माझ्या शाळेचं नाव. दुसऱ्या बाजूला चौदा वर्षांचं वाढतं पोर, आणि त्याला उपाशी, तहानलेलं ठेवून लगेच मैदानात उतरवायचं. पाणी कमी पडलेल्या शरीराने पकडीत जाणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण. चक्कर तर त्याला आधीच एकदा आली होती. मी 'नाही' म्हणालो, पण आवाज फार ठाम नव्हता हे मान्य करतो. विषय संपवला तो वडिलांनी. 'जेवू नको म्हणून मी पोराला सांगणार न्हाई. जेवायला मिळावं म्हणून गोण्या उचलतोय.'

ओंकार चाचणीला गेला नाही. पुढचे सतरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही, व्हरांड्यातही आला नाही. त्याच्या नजरेतून पाहिलं तर बरोबरच होतं. माझ्या व्यायामाने त्याला संघातून बाहेर काढलं होतं.

पुढे काय झालं

अठराव्या दिवशी तो आला. का, ते मी विचारलं नाही. मंडळाने त्याला कुमार गटाच्या मुलांबरोबर सरावाला घेतलं. तिथे मर्यादा तेव्हा ७० किलोची, पण समोर अठरा-एकोणीस वर्षांचे गडी. तो बहुतेक वेळ राखीव बसतो, शेवटच्या पाच मिनिटांत उतरतो.

मार्चमधल्या नोंदी: भिंतीला टेकून बसणं २५ सेकंदांवरून ९० सेकंद. जागेवरून लांब उडी १.६२ मीटरवरून १.८४ मीटर. एका पायावर बाकावर अलगद बसून उठणं शून्यावरून सहा वेळा. यात वाढत्या वयाचा वाटा आहेच. तुलनेला दुसरा ओंकार नव्हता. वाटीखालचा उंचवटा तसाच आहे. मांडी घालून बसला तर दुखत नाही, गुडघ्यांवर टेकला तर अजून टोचतो.

मार्क आठवीत ६६ टक्के होते, नववीत ६८. व्यायामाने मार्क वाढतात असं छातीठोक सांगणारे भाषणांत भेटतात. मी या दोन टक्क्यांवर काही बांधणार नाही. घसरले नाहीत, वडिलांची अट पाळली गेली, बस. वर्गशिक्षिकांनी मात्र एक सांगितलं: पहिल्या तासाला तो आता डुलक्या घेत नाही. ते श्रेय रात्री दहाच्या आत घरी येण्याचं, म्हणजे वडिलांच्याच अटीचं. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि आधी त्याला सहासुद्धा मिळत नव्हती.

पुन्हा वेळ आली तर

सगळ्यात मोठी चूक वजनाची. जूनमध्ये ५१ किलो, वाढीचा वेग समोर दिसत होता. डिसेंबरपर्यंत तो पंचावन्नच्या आसपास किंवा वर जाणार हे मला ऑगस्टमध्येच कळलं होतं. व्यायाम केला नसता तरी कदाचित गेलाच असता. मी बोललो नाही, कारण सांगितलं तर तो जेवण कमी करेल किंवा व्यायाम सोडेल अशी भीती होती. म्हणजे त्याच्या वतीने मीच ठरवून मोकळा झालो. ऑगस्टमध्ये त्याला आणि वडिलांना समोर बसवून सांगायला हवं होतं की हा गट तुझ्या हातून सुटू शकतो. मग त्याने काहीही निवडलं असतं, तरी डिसेंबरचा धक्का बसला नसता. कुमार गटाची तयारी तीन महिने आधी सुरू झाली असती ती वेगळीच.

दुसरं, उंचीची नोंद. वर्षातून एकदा मोजून मी नऊ सेंटिमीटरची उडी उशिरा पाहिली. आता दर तीन महिन्यांनी मोजतो. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या वर गेलेल्या मुलांच्या नावापुढे खूण करतो, आणि त्यांच्या उड्या व पळणं महिनाभर कमी ठेवतो. हे माझं मोजमाप आहे, कुठल्या ग्रंथातलं नाही. पण त्यामुळे यंदा दोन मुलं उंचवटा यायच्या आधी सापडली.

तिसरं, आप्पांना पहिल्या बैठकीला बोलवायला हवं होतं. मी त्यांना फोनवर उरकलं. मुलगा शाळेत तीस मिनिटं आणि मंडळात दीड तास, आणि आराखडा ठरवला तीस मिनिटंवाल्याने. आता ते महिन्यातून एकदा व्हरांड्यात येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मुलींना कॅन घेऊन चालताना बघत उभे राहिले आणि जाताना एकच विचारलं, रिकामे कॅन कुठे मिळतात.

वाळूची पिशवी दिवाळीत फाटली. ओंकारच्या वडिलांनी मार्केटमधून बारदान आणून तीन नव्या शिवून दिल्या, दुहेरी टाक्याच्या: ८, १२ आणि १६ किलो. कडेला दोऱ्याने वजन लिहिलंय. पण पावसाळ्यात व्हरांड्यात झड येते, वाळू पाणी पिते आणि बाराची पिशवी चौदाची होते. म्हणून जून ते सप्टेंबर दर सोमवारी पिशव्या काट्यावर ठेवायच्या. ते काम ओंकारकडे आहे.